मे महिन्यात पाणी कोण घालणार, तिथून हिशेब सुरू करा

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लातुरात गच्चीवर आणि अंगणात बाग करणाऱ्या पस्तीस जणांचा तुमचा गट आहे. औशाच्या रस्त्याला एक संस्था मानसिक आजारातून सावरणाऱ्यांसाठी आणि बौद्धिक अक्षमता असलेल्या मोठ्या मुलामुलींसाठी बागकामातून उपचार चालवते. तिच्यासाठी सगळ्यांनी मिळून पैसे उभे करायचे आहेत. गटातले काही म्हणतात गाण्यांचा मोठा कार्यक्रम घेऊ, काही म्हणतात सरळ पाचशे रोपं नेऊन देऊ. तुम्ही विचारलंय, यातलं काय करावं?

मी परभणीत बावीस वर्षं रोपवाटिका चालवली. गेली अकरा वर्षं आठवड्यातले दोन दिवस अशाच एका केंद्रात लोकांबरोबर माती कालवतो. त्यामुळे माझं उत्तर लांबेल, पण आधीच सांगून टाकतो: पहिल्या वर्षी यातलं काहीच करू नका. पैसे बागकाम घेणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी आणि उन्हाळ्यातल्या पाण्यासाठी उभे करा, आणि ते दरवर्षी परत येतील अशा वाटेनं उभे करा.

हे मी आमच्या चुकीतून शिकलो. आमच्या गटानं पहिल्या वर्षी दोनशे गुलाब आणि सिमेंटचा एक बाक दिला होता. पंधरा ऑगस्टला लावणी झाली, सगळ्यांनी हातभार लावला, फार चांगला दिवस गेला. केंद्रातल्या लोकांनी एकेक गुलाब वाटून घेतला, काहींनी आपल्या रोपाशेजारी खुणेचा दगड ठेवला. मार्चमध्ये मानधन थांबलं म्हणून बागकाम घेणारी मुलगी सोडून गेली. एप्रिलमध्ये बोअरचं पाणी तळाला गेलं. टँकर आठवड्याला दोनदा यायचा आणि ते पाणी स्वयंपाकाला, आंघोळीलाच पुरेना. जूनमध्ये मी गेलो तेव्हा अकरा गुलाब जिवंत होते. एक काका वाळक्या काडीपुढे उभे होते. त्यांनी मला विचारलं, "माझं काही चुकलं का?"

ज्याला आपल्या हातून काही धड होत नाही असं आधीच वाटत असतं, त्याच्या हातातलं रोप वाळणं ही साधी गोष्ट नाही. आपल्या घरी मोगरा गेला तर आपण दुसरा आणतो. तिथं ते रोप म्हणजे आठ महिन्यांचा उपचार असतो. आम्ही रोपं दिली आणि ती जगवायची सोय दिली नाही. म्हणून आता कुठल्याही गटाला मी पहिला प्रश्न हाच विचारतो: तुमच्या पैशातून मे महिन्यात काय होणार आहे?

मराठवाड्यात हा प्रश्न टळत नाही. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. तुमच्या गटातल्या प्रत्येकाला ते आठवत असेल. अशा गावात बागेसाठी मदत मागायची तर देणाऱ्याच्या मनात पहिली शंका पाण्याचीच येते, आणि ती रास्त आहे. तुमच्याकडे तिचं उत्तर असलं पाहिजे: छपराचं पाणी धरणारी टाकी, भांडी धुतलेलं पाणी गाळून वापरायची सोय, बुंध्याशी पुरलेले मडके, पाचटाचं किंवा वाळल्या पानांचं जाड आच्छादन, आणि उन्हाळ्यात लागवड निम्म्यावर आणायची तयारी. पैसे आले की पहिली टाकी बसवा, बाक नंतर. टाकीवर कुणाच्या नावाची पाटी शोभून दिसत नाही म्हणून तिला देणगीदार मिळत नाही, आणि म्हणूनच ती तुमच्या गटानं घ्यावी.

दुसरी गोष्ट गटात सगळ्यांना नीट कळायला हवी, नाहीतर पैसे मागताना आपणच गोंधळतो. बाग केली की मनाला बरं वाटतं, हे आपल्या सर्वांच्या अनुभवाचं आहे. बागकामातून उपचार हे त्याच्या पुढचं काम आहे. तिथं येणाऱ्या प्रत्येकासाठी ठरवलेलं काहीतरी असतं. एकाला सलग वीस मिनिटं एका कामावर टिकायचंय. एकीला चार माणसांत उभं राहून बोलायचंय. पक्षाघात झालेल्या आजोबांना डाव्या हाताची पकड परत मिळवायचीय, म्हणून त्यांना झारी नव्हे तर आधी लहान तांब्या दिला जातो. कुणी काय केलं, कुठं अडलं याची नोंद ठेवणारा एक शिकलेला माणूस लागतो, आणि तो ठरल्या दिवशी ठरल्या वेळी हजर लागतो. ब्रिटनमध्ये 'थ्राइव्ह' ही संस्था १९७९ पासून हेच काम करते. अमेरिकेत या क्षेत्रातल्या लोकांची संघटना १९७३ पासून आहे. या कामाला आता पन्नासेक वर्षांचा व्यवसाय म्हणून इतिहास आहे, आणि त्याचा कणा रोप नाही, तो माणूस आहे. त्याचं मानधन थांबलं की बाग दिसते तशीच दिसते, पण उपचार थांबलेला असतो.

आवाहन लिहिताना एक पथ्य पाळा. 'बागकामानं डिप्रेशन बरं होतं' असलं काही छापू नका. रॉजर उलरिच या अमेरिकी संशोधकांचा १९८४ चा अभ्यास सगळेच सांगतात. पेनसिल्वेनियातल्या एका रुग्णालयात पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेल्या ज्या २३ रुग्णांना खिडकीतून झाडं दिसत होती, ते समोर विटांची भिंत असलेल्या २३ रुग्णांपेक्षा सरासरी पाऊण दिवस आधी घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकं कमी लागली. अभ्यास मोलाचा आहे. पण तो झाडं नुसती दिसण्याबद्दल आहे, मातीत काम करण्याबद्दल नाही आणि मानसिक आजाराबद्दल तर नाहीच. तुमच्या गावातला एखादा डॉक्टर ते वाचेल आणि त्याला फरक कळेल. त्यापेक्षा जे डोळ्यांसमोर घडतं ते लिहा: आठवड्यातून तीन दिवस घराबाहेर पडायचं कारण मिळतं, औषधाच्या वेळा सांभाळल्या जातात, घरच्यांना चार तास मोकळे मिळतात. राज्याची जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत, त्यांतलं एकही मराठवाड्यात नाही. ज्यांच्या घरात असा आजार आहे त्यांना हे अंतर काय असतं ते सांगावं लागत नाही. ज्यांच्या घरात नाही त्यांना तेवढं एक वाक्य पुरतं.

आता पैशांकडे येऊ. तुमच्या संस्थेचे आकडे तुम्ही त्यांच्याकडून घ्या, मी फक्त पद्धत दाखवतो. समजा वीस जण आठवड्यातून तीन दिवस येतात. काम घेणाऱ्या एका प्रशिक्षित व्यक्तीला महिना १२,००० म्हणजे वर्षाला १,४४,०००. फेब्रुवारी ते मे चार महिने पाण्याला महिना ६,००० म्हणजे २४,०००. येण्याजाण्याचं भाडं आणि चहा-नाश्ता महिना ३,००० म्हणजे ३६,०००. माती, खत, बी, अवजारं मिळून २०,०००. एकूण २,२४,००० रुपये. भाड्याचा आकडा काढताना एक ध्यानात ठेवा, एसटीत महिलांना २०२३ पासून अर्धंच तिकीट आहे, आणि दिव्यांगांची सवलत वेगळी. कुणाचं प्रमाणपत्र काढायचं राहिलं असेल तर ते काढून देणं ही पण मदतच आहे, आणि तिला पैसा लागत नाही.

या २,२४,००० मधला पहिला वाटा गटानं स्वतःच्या खिशातून द्यावा. पस्तीस जणांनी महिना दोनशे दिले तर वर्षाला ८४,००० होतात. मला माहीत आहे, गटात कुणी निवृत्त शिक्षक असतील, कुणी घर चालवणारी ताई असेल, दोनशे सगळ्यांना सारखे नसतात. म्हणून ज्याला जमेल त्यानं पाचशे द्यावेत, ज्याला नाही त्यानं रोपं वाढवून द्यावीत, पण महिन्याच्या महिन्याला द्यावं. केंद्राच्या माणसाचं मानधन एक तारखेला द्यायचं असतं, आणि कार्यक्रमाचा पैसा एक तारीख पाहून येत नाही. गाण्याच्या कार्यक्रमाला मी नाही म्हणतो ते यासाठीच. हॉल, आवाजयंत्रणा, पाहुण्यांचं येणंजाणं, जाहिरात, यात गट सहा महिने दमतो. मग जे उरतं ते एकदाच उरतं, आणि पुढच्या वर्षी कुणाच्या अंगात त्राण राहत नाही.

दुसरा वाटा रोपांचा, आणि इथं तुम्ही लोक इतर कुठल्याही मंडळापेक्षा श्रीमंत आहात. रोपाला लागतं काय? पिशवी, माती, खत आणि अडीच-तीन महिन्यांची निगा. समजा खर्च दहा रुपये आला आणि रोप पस्तीसला गेलं तर पंचवीस उरले. पस्तीस जणांनी वर्षभरात मिळून ३,००० रोपं विकली, म्हणजे प्रत्येकी साधारण शहाऐंशी, तर ७५,००० जमतात. पण ३,००० विकायची असतील तर ४,००० धरा. काही उगवत नाहीत, काही कोलमडतात, काही विकायच्या दिवशी दिसायला बरी नसतात.

रोपं कोलमडण्याबद्दल दोन वाक्यं, कारण नव्या गटांचं इथंच नुकसान होतं. आपली काळी माती पिशवीत एकटी भरली की भिजल्यावर चिखल आणि वाळल्यावर वीट होते, मुळांना श्वास घेता येत नाही. एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत, एक भाग वाळू किंवा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) असं मिश्रण करा, त्यात ट्रायकोडर्मा ही रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी मिसळा, बी दाट टाकू नका आणि संध्याकाळी पाणी देऊ नका. एवढं केलं तरी निम्मी मर थांबते.

कोणती रोपं? जी मराठवाड्याच्या उन्हाळ्यात विकत घेणाऱ्याच्या घरी जगतील ती. कढीपत्ता, गवती चहा, तुळस, कोरफड, सदाफुली, मोगरा, अडुळसा, गुळवेल. दिसायला नाजूक, बाहेरून मागवलेली इनडोअर झाडं पहिल्या दिवशी झपाट्यानं जातात आणि एप्रिलमध्ये मरतात. मग तो माणूस तुमच्या टेबलाकडे परत येत नाही. कढीपत्त्याचं बी ताजं असतानाच पेरावं लागतं, फळं काळी पडली की गर काढून लगेच. मोगरा बियांनी होत नाही, त्याच्या छाटकलमा पावसाळ्यात करा. प्रत्येक पिशवीला चिठ्ठी बांधा: ऊन किती, पाणी किती दिवसांनी, आणि खाली संस्थेचं नाव.

फळझाडांच्या कलमांचा मोह मात्र टाळा. केसर आंबा, सीताफळ, मोसंबी ही आपल्या भागाची ओळख आहे. मराठवाडा केसर, बीडचं सीताफळ आणि जालन्याची मोसंबी यांना भौगोलिक मानांकनही आहे, आणि गिऱ्हाईक त्यांचीच मागणी करतं. पण राज्यात फळरोपांच्या विक्रीला परवाना लागतो, त्यासाठी १९६९ चा कायदा आहे. तो उगीच केलेला नाही. आंब्याचं खोटं कलम पाच-सहा वर्षांनी फळ धरल्यावर उघडं पडतं, तोवर शेतकऱ्याची सहा वर्षं गेलेली असतात. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या रोपवाटिकांत किंवा संभाजीनगरच्या हिमायतबागेतल्या फळ संशोधन केंद्रावर खात्रीची कलमं मिळतात, लोकांना तिकडं पाठवा. एखाद्या परवानाधारक रोपवाटिकावाल्याला विनंती करा की मृगाच्या आठवड्यात त्यानं तुमच्या शेजारी दुकान मांडावं आणि विक्रीतला काही भाग संस्थेला थेट द्यावा. आमच्याकडे एका शेतकरी कुटुंबानं तीन वर्षं हे केलं, कुणी न सांगता.

रोपविक्री एका दिवसाची ठेवू नका. आपल्या सणांवर बसवा, म्हणजे बाजार आपोआप उभा राहतो. मृग लागला की लोकांना लावायची घाई असते, तेव्हा वेली, कढीपत्ता, गवती चहा. दसऱ्यासाठी झेंडू: दसऱ्याच्या अडीच महिने आधी बी टाका, पंचवीस-तीस दिवसांनी रोप कुंडीत न्या, म्हणजे दारात ठेवायला फुललेली कुंडी तयार. कार्तिकात तुळशीचं लग्न, तेव्हा नुसतं रोप नको, गेरूनं रंगवलेल्या मातीच्या कुंडीतली डेरेदार तुळस द्या. त्यासाठी जून-जुलैतच पेरणी हवी आणि शेंडे दोनदा खुडायला हवेत. कुंड्या गावातल्या कुंभाराकडून घ्या, त्याच्याही घरात दोन पैसे जातील.

आणि संक्रांत! आमच्या गटातल्या एका मावशींनी हे सुचवलं आणि आमची सगळी गणितं बदलली. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत घरोघरी हळदीकुंकू असतं. प्रत्येक बाई पंचवीस-पन्नास वाणं लुटते, आणि प्लास्टिकचे डबे, चाळण्या घेऊन-देऊन सगळ्यांचीच घरं भरलेली असतात. आम्ही वाण म्हणून रोप दिलं. लहान पिशवीत सदाफुली, पुदिना, कोरफड, वरून कागदी वेष्टण. दिवाळीनंतर नोंदणी, निम्मे पैसे आगाऊ. एका रोपामागं वीस रुपये उरले आणि आठशे रोपं गेली तरी १६,००० होतात. यातून आणखी एक घडलं, ते पैशाहून मोठं होतं. केंद्रात येणाऱ्या बायकांत काही एकल होत्या. काहींचे नवरे कर्जापायी गेलेले. त्यांना हळदीकुंकवाला कुणी बोलवत नसे. ज्या वर्षी त्यांनीच वाढवलेली रोपं वाणात गेली, त्या वर्षी मावशींनी आपल्या घरच्या हळदीकुंकवाला त्यांना बोलावलं, सगळ्यांबरोबर बसवलं आणि वाण दिलं. शेजारणींत थोडी कुजबुज झाली. पुढच्या वर्षी आणखी दोन घरांनी बोलावलं.

मात्र केंद्रातल्या लोकांचे हात लागले की हिशेब बदलतो, हे विसरू नका. त्यांनी वाढवलेली रोपं विकून आलेला पैसा 'देणगी' म्हणून परस्पर संस्थेत टाकायचा नाही. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २० मध्ये स्पष्ट आहे की उपचारासाठी राहणाऱ्या कुणावर कामाची सक्ती करता येत नाही आणि काम केलं तर त्याचा योग्य मोबदला मिळाला पाहिजे. तुमची संस्था दिवसाचं केंद्र असली तरी हाच नियम धरून चाला. रोपामागं ठरावीक रक्कम त्या माणसाच्या खात्यात किंवा हातात, आणि वहीत सही. आमच्याकडे एका दादांनी पहिल्या कमाईतून बहिणीच्या लेकराला दप्तर घेतलं. त्यांच्या घरच्यांनी त्या दिवसानंतर त्यांच्याशी बोलायची रीत बदलली.

विक्रीच्या टेबलावर कुणी बसायचं हेही त्यांनाच ठरवू द्या. काहींना गर्दी झेपत नाही आणि त्यांना 'बघा, आमचे लाभार्थी' म्हणून पुढं करणं हा त्यांचा अपमान आहे. ज्यांना यायचंय ते मात्र आपल्यापेक्षा चांगलं करतात. एका विक्रीत आमची एक ताई गिऱ्हाइकाला जास्वंद द्यायलाच तयार होईना. तिनं पिशवी उचलून खालच्या भोकांतून पाहिलं, मुळं अजून तळाला आली नव्हती. "याला आठ दिवस थांबू द्या, मग न्या," म्हणाली. गिऱ्हाईक आठ दिवसांनी खरंच परत आलं आणि तीन रोपं घेऊन गेलं.

फोटोंबद्दल तर कडक राहा. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे उपचार घेणाऱ्या व्यक्तीचा फोटो किंवा माहिती तिच्या संमतीशिवाय माध्यमांना देता येत नाही. व्हॉट्सॲपचं पोस्टर असो की स्थानिक पेपरातली बातमी, हात दाखवा, माती दाखवा, पाठमोरा माणूस दाखवा. लातूरसारख्या गावात एक चेहरा ओळखला गेला की त्या घरातल्या मुलीच्या लग्नापर्यंत गोष्ट जाते. संमती दिली तरी ती देताना माणूस बरा होता का, नंतर त्याला नको वाटलं तर काढता येईल का, हे संस्थेच्या ताईंना विचारूनच पुढं जा.

तिसरा मार्ग बागा दाखवण्याचा. इंग्लंडात १९२७ साली लोकांनी आपल्या खासगी बागा माणशी एक शिलिंग घेऊन पाहायला उघडल्या. घरोघर जाऊन सेवा करणाऱ्या परिचारिकांसाठी तो पैसा होता. पहिल्याच वर्षी ६०९ बागा उघडल्या आणि आठ हजार पौंडांहून अधिक रक्कम जमली. ती योजना आजही चालू आहे. आपल्याकडे घर पाहायला आलेल्याकडून तिकीट घेणं जिवावर येतं, आणि मलाही ते रुचत नाही. आम्ही तिकीट ठेवलं नाही. जानेवारीतल्या एका रविवारी सात गच्च्या उघड्या ठेवल्या, सकाळी आठ ते अकरा, प्रत्येक ठिकाणी चहा, विक्रीची वीस-तीस रोपं आणि संस्थेची पेटी. लोक खुशीनं देतात, आणि विचारतातही पुष्कळ: तुमच्या टोमॅटोला कीड का नाही, कुंडीचं वजन स्लॅबला झेपतं का. दिवस डिसेंबरअखेर ते फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यातलाच धरा, शेवंती आणि भाजीपाला तेव्हाच भरात असतो. कठडा कमी उंचीचा असेल ती गच्ची निवडू नका, आणि एका वेळी दहा-बारापेक्षा जास्त माणसं वर सोडू नका.

यातून समजा १५,००० आले, तर ८४, ७५, १६ आणि १५ हजार मिळून १,९०,००० होतात. राहिले ३४,०००. ते मोंढ्यातल्या व्यापाऱ्यांकडून, कृषी सेवा केंद्रांकडून, डाळ मिलवाल्यांकडून आणि डॉक्टरांकडून मागा, पण 'देणगी द्या' असं न म्हणता 'मे महिन्याचं पाणी तुमच्याकडून' असं म्हणा. सहा हजारांचा ठरलेला आकडा आणि ठरलेलं काम असलं की व्यापारी पटकन उत्तर देतो, हो किंवा नाही. कंपन्यांच्या सामाजिक निधीच्या मागं पहिली दोन वर्षं लागू नका. त्यासाठी संस्थेची कंपनी मंत्रालयाकडे वेगळी नोंदणी लागते, तीन वर्षांचे ताळेबंद मागतात, आणि माझ्या अनुभवात ते शेड बांधून देतात, मानधन देत नाहीत.

पैसा कुणाच्या खात्यात जाणार, हे पहिल्या बैठकीतच ठरवा. गटातल्या कुणाच्याही स्वतःच्या खात्यावर किंवा फोनवर एक रुपयाही घेऊ नका, ती व्यक्ती कितीही सचोटीची असो. उलट ती सचोटीची आहे म्हणूनच तिला त्या जागी बसवू नका. क्यूआर कोड संस्थेच्या खात्याचा छापा आणि छापण्याआधी स्वतः एक रुपया पाठवून नाव बरोबर येतं का पाहा. पावतीपुस्तकही संस्थेचंच. गटानं स्वतःच्या नावानं वर्गणी गोळा करायची असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ४१ क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणेश मंडळं घेतात तीच. नोंदणीकृत संस्थेच्या पावतीवर काम केलंत तर तुमचा हा खटाटोप वाचतो.

करसवलत मिळते का, असं लोक विचारतील. संस्थेकडे तशी मान्यता असेल तरच, आणि दोन हजारांवरची रक्कम रोख दिली तर मिळत नाही. नवी करपद्धत निवडलेल्यांनाही ती मिळत नाही. कुणाचा मुलगा अमेरिकेत असेल आणि पैसे पाठवतो म्हणाला, तर तो अजून भारतीय नागरिक आहे का ते विचारा. तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर तो पैसा विदेशी देणगीत मोडतो, आणि त्यासाठी केंद्र सरकारची वेगळी नोंदणी नसलेल्या संस्थेनं तो घेऊच नये. चांगल्या मनानं आलेल्या एका रकमेपायी संस्था अडचणीत यायला नको.

पेटी उघडताना दोघं हजर, मोजणी तिथल्या तिथं, आकडा दोघांच्या सहीनं वहीत आणि त्याच दिवशी गटाला कळवलेला. दर तीन महिन्यांनी जमाखर्च मोठ्यानं वाचा. कुणाला कंटाळा आला तरी वाचा.

संस्थेच्या बागेतही तुमचा पैसा कुठं जातो ते डोळसपणे पाहा. कण्हेर, बिट्टी, धोतरा ही विषारी झाडं तिथं नकोत, कुणी फुकट दिली तरी. कीटकनाशक आवारात आणायचंच नाही, कुलूपबंद कपाटातसुद्धा नाही. पाच टक्के निंबोळी अर्क करा, पाच किलो निंबोळी पूड शंभर लिटर पाण्याला, बाकी हातानं वेचा. मानसिक आजारावरच्या काही औषधांनी कातडी उन्हाला लवकर भाजते, आणि लिथियम घेणाऱ्याच्या अंगातलं पाणी कमी झालं तर औषधाचं रक्तातलं प्रमाण धोकादायक वाढू शकतं. म्हणून मार्चपासून काम सकाळी साडेनऊच्या आत संपवायचं, शेडनेट, टोप्या आणि पिण्याच्या पाण्याचा माठ हा खर्च सर्वांत आधी मंजूर करायचा. चाकाच्या खुर्चीवरच्या माणसासाठी वाफा दोन-अडीच फूट उंच आणि एका बाजूनंच हात पोचत असेल तर दोन फुटांहून रुंद नको. वाट चार फूट. बांधकाम करणाऱ्याला हे मापासकट कागदावर द्या, नाहीतर तो नेहमीसारखी अडीच फुटांची वाट करतो आणि खुर्ची वळत नाही.

आता तुम्ही काय करायचं ते सांगतो. एप्रिल अर्धा सरला आहे. या आठवड्यात तुमच्यातल्या तिघांनी संस्थेत जा, काही न नेता. पूर्ण एक सत्र बसून बघा. मग संस्थेच्या ताईंना गेल्या वर्षीचा खर्च, काम घेणाऱ्याचं मानधन कोणत्या महिन्यात थकलं आणि पाणी कुठून येतं, एवढं विचारा. आलेल्या आकड्यांवर बैठक घ्या आणि दोनशे रुपयांचा मुद्दा आधी काढा. त्यावर किती हात वर होतात त्यावरून पुढचं सगळं ठरेल. पस्तीसपैकी अठरा झाले तरी सुरुवात करा, फक्त अठरांच्या हिशेबानं आकडे लहान करा आणि संस्थेलाही तेवढाच शब्द द्या.

जूनच्या पहिल्या आठवड्यात माझं लातूरला येणं आहे. तुळशीचं आणि झेंडूचं बी घेऊन येतो, तुळशीची पेरणी बरोबर करू, झेंडू तुम्ही दसऱ्याच्या हिशेबानं टाका. तोवर आत्ता जे वाफे तिथं उभे आहेत त्यांना मेमध्ये पाणी कोण घालणार, ते नावानिशी ठरवून ठेवा. गटातल्या चौघांनी आठवडे वाटून घेतले आणि घरून दोन-दोन कॅन नेले, तरी या उन्हाळ्यातलं काहीतरी वाचेल.